अमेरिकेत कोणालाच २७० मते मिळाली नाहीत, तर राष्ट्राध्यक्ष कोण ठरवतं?

नव्याने निवडून आलेलं प्रतिनिधिगृह, म्हणजे अमेरिकी संसदेचं खालचं सभागृह ठरवतं, पण तिथे खासदारागणिक नव्हे, तर राज्यागणिक एक मत असतं. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीत हे स्पष्ट लिहिलं आहे: इलेक्टोरल कॉलेजच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टरांच्या (निर्वाचकांच्या) मंडळाच्या, ५३८ पैकी निम्म्याहून अधिक मतं कोणालाच नसतील, तर पहिल्या तिघांतून निवड करायची आणि जिंकायला ५० पैकी २६ राज्यं हवीत. म्हणजे ५२ प्रतिनिधींच्या कॅलिफोर्नियाचं एक मत आणि एकाच प्रतिनिधीच्या वायोमिंगचंही एकच. मला हा उघड अन्याय वाटतो. राजधानी वॉशिंग्टनला तर इथे मतच नाही. राज्याचे प्रतिनिधी समसमान फुटले, तर त्या राज्याचं मत कोणालाच जात नाही.

१८२४ ची निवडणूक अशीच सुटली. अँड्र्यू जॅक्सन ९९ मतांनी पुढे होते, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४ होती. तरी फेब्रुवारी १८२५ मध्ये २४ पैकी १३ राज्यं ॲडम्सकडे गेली आणि तेच अध्यक्ष झाले. इलिनॉयच्या तीन इलेक्टरांपैकी दोघे जॅक्सनचे होते, पण राज्याचा एकमेव प्रतिनिधी ॲडम्सच्या बाजूने गेला.

मात्र उपाध्यक्ष सेनेट निवडतं, पहिल्या दोघांतून, आणि तिथे प्रत्येक सिनेटरला स्वतंत्र मत असतं. २० जानेवारीपर्यंत प्रतिनिधिगृहाचा निकाल लागलाच नाही, तर तो लागेपर्यंत नवा उपाध्यक्ष राष्ट्राध्यक्षपदाचं काम पाहतो.