घरबसल्या थिऑलॉजीची डिग्री : वाचक विचारतात

प्रश्न : जय ख्रिस्त. मी अहिल्यानगरची, वय ३८, बी.ए. बी.एड., शाळेत शिक्षिका आहे. आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत संडे स्कूल आणि महिला मंडळाचं बायबल स्टडी मीच घेते. फेसबुकवर एका अमेरिकन सेमिनरीच्या (धर्मशिक्षणाच्या कॉलेजच्या) ऑनलाइन एम.डिव.ची (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) जाहिरात सारखी दिसते, नोकरी सांभाळून करा म्हणतात. घर आणि शाळा सोडून पुण्याला राहायला जाणं शक्य नाही. ही डिग्री इथे चालेल का? आमचे पाळकसाहेब तर म्हणाले, कशाला हवंय हे सगळं.

उत्तर : जय ख्रिस्त ताई. पाळकसाहेबांचं राहू द्या बाजूला, मंडळीत शिकवणाऱ्या बाईने आणखी शिकायचं नाही तर कुणी शिकायचं. पण "चालेल का" याला एका शब्दात उत्तर नाही, डिग्री कुणाच्या टेबलावर ठेवणार त्यावर सगळं आहे, आणि लोक हे फी भरून झाल्यावर विचारतात.

पाळक व्हायचं मनात असेल (सीएनआयमध्ये बायकांनाही दीक्षा मिळते, तेव्हा प्रश्न रास्तच आहे) तर जाहिरात बंद करा आणि आधी बिशपांना भेटा. उमेदवाराची निवड डायोसीस (बिशपांच्या हाताखालचा धर्मप्रांत) करतो आणि तिथे साधारणपणे बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) बघतात. कॅरी, मार्शमन, वॉर्ड यांनी १८१८ला काढलेलं ते कॉलेज, १८२७ला डेन्मार्कच्या राजाने त्याला डिग्री द्यायची सनद दिली, म्हणजे मुंबई-कलकत्ता विद्यापीठांच्याही तीस वर्षं आधी. आज देशभरातल्या बऱ्याच सेमिनरी त्याच्या सिनेटशी (डिग्री देणाऱ्या मंडळाशी) जोडलेल्या आहेत, पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल त्यातलीच. बिशप "परदेशी ऑनलाइन चालणार नाही" म्हणाले तर कागद कितीही चकचकीत असला तरी उपयोग नाही, आणि "चालेल" म्हणाले तर ते लेखी घ्या, बिशप बदलतात.

शाळेत पगारवाढ किंवा पुढे इथल्या विद्यापीठात पीएच.डी. असा हिशेब असेल तर आणखी सावध राहा. परदेशी डिग्रीच्या समकक्षतेचे युजीसीचे २०२५चे नियम आहेत, त्यात शिक्षण प्रत्यक्ष हजर राहून घेतलेलं असावं अशी अट आहे. तेव्हा ऑनलाइन एम.डिव.वर सरकारी दारात फार आशा ठेवू नका.

पण तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला वाटतं तुम्हाला मुळात नीट शिकायचंय, शिकवताना अडखळता ते अडखळणं नकोय. तसं असेल तर ऑनलाइन शिक्षण फार चांगलं आहे, फक्त एम.डिव. कशाला? ती पाळकी सेवेची डिग्री. अमेरिकेत सेमिनरींची मुख्य मान्यतासंस्था एटीएस, तिच्या नियमात एम.डिव.ला कमीत कमी ७२ क्रेडिट आणि एम.ए.ला कमीत कमी ३६. एक विषय साधारण ३ क्रेडिटचा. नोकरी करून सेमिस्टरला दोन विषय झेपले तर वर्षाला १२, म्हणजे एम.ए.ला तीन वर्षं आणि एम.डिव.ला सहा. क्रेडिटला ५०० डॉलर धरा (जास्तही असतात), ७२चे ३६,००० डॉलर होतात. शिक्षिकेच्या पगारात हे करा असं मी तरी सांगणार नाही, भरघोस स्कॉलरशिप हातात पडल्याशिवाय तर नाहीच.

एम.डिव.मध्ये शिवाय मंडळीतलं प्रत्यक्ष काम असतं आणि त्यावर नजर ठेवायला स्थानिक मार्गदर्शक लागतो. तो बहुधा तुमचे पाळकसाहेबच, तेच जे कशाला म्हणाले.

जाहिरातीत "फ्लेक्झिबल" लिहितात त्याचा अर्थही विचारून घ्या. काही कोर्स पूर्ण रेकॉर्डेड असतात, बुधवारपर्यंत चर्चेत तुमचं लिखाण टाका, रविवारपर्यंत दोन वर्गमित्रांना उत्तर द्या असं चालतं. काही लाइव्ह असतात, न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची तासिका म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच, मग डबे करून शाळेला पळा. आणि लिखाण खूप असतं, प्रत्येक पेपरला तळटीपा, इंग्रजीत. वाचता येणं वेगळं आणि दोन हजार शब्द मुद्देसूद लिहिणं वेगळं, म्हणून आधी एकच विषय किंवा छोटं सर्टिफिकेट करून बघा, क्रेडिट पुढे डिग्रीत धरणार का हे ईमेलवर विचारून ठेवा.

मान्यता तपासताना सेमिनरीच्या स्वतःच्या पानावर विश्वास नको. एटीएसची यादी उघडी आहे, तिथे नाव शोधा. स्वतःच मान्यतासंस्था काढून स्वतःलाच मान्यता देणारी दुकानं या क्षेत्रात भरपूर आहेत, देवाचं नाव लावलं की लोक पावती मागत नाहीत.

इथलाच स्वस्त रस्ता म्हणजे सेरामपूरचा बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज, नोकरदार विश्वासणाऱ्यांसाठीच आहे, घरी राहून करायचा. किंवा बंगळुरूची टाफ्टी ही घरबसल्या थिऑलॉजी शिकवणारी संस्था, घरी अभ्यास आणि ठराविक दिवसांनी गटात बसून चर्चा. नुसतं बॅचलर नाव बघून नाक मुरडू नका. मी तुमच्या जागी असतो तर इथूनच सुरुवात केली असती.

प्रश्न : मी वसईचा, कॅथलिक, आयटीत आहे. फादर व्हायचं नाही. ऑनलाइन एम.ए. थिऑलॉजी केली तर चर्चमध्ये ती ज्ञानदीपच्या (पुण्यातली कॅथलिक धर्मशिक्षणाची संस्था) डिग्रीसारखीच धरतात का?

उत्तर : सारखी नाही. पुण्याच्या ज्ञानदीपच्या थिऑलॉजीच्या डिग्रीमागे रोमचा अधिकार आहे (मूळची श्रीलंकेतल्या कँडीची सेमिनरी, १९५५ला पुण्यात आली). परदेशी कॅथलिक विद्यापीठांची ऑनलाइन एम.ए. मात्र बहुतेक वेळा साधी विद्यापीठीय डिग्री असते. सेमिनरीत शिकवायचं असेल तर हा फरक फार मोठा, पॅरिशमध्ये धर्मशिक्षण घ्यायचं असेल तर फारसा नाही. फी भरण्याआधी डिग्री कॅनॉनिकल (रोमच्या अधिकाराची) आहे की सिव्हिल (साधी विद्यापीठीय) एवढं विचारा, सरळ उत्तर देत नसतील तर तेच उत्तर समजा.

प्रश्न : ग्रीक आधी की हिब्रू? आणि फुकट काय मिळेल?

उत्तर : ग्रीक. नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे आणि आकाराने लहान, वर्षभरात योहानाच्या पहिल्या पत्राची सोपी वाक्यं वाचता येतात आणि हुरूप येतो. केंब्रिजच्या टिंडेल हाऊसचं स्टेप बायबल फुकट आहे, शब्दावर बोट ठेवलं की मूळ ग्रीक-हिब्रू दिसतं. पण त्याच्या भरवशावर व्याकरण टाळू नका, परीक्षेत ते उघडायला देत नाहीत.