वादळ येऊन गेल्यावर ग्रामपंचायतीच्या हातात काय असतं?

सरपंचताई, दापोली तालुक्यातलं तुमचं किनाऱ्यालगतचं गाव आहे, निवडून येऊन चारच महिने झालेत, आणि तुम्ही विचारलंय की वादळ आलं तर सगळं तहसीलदार-कलेक्टरच बघतात ना, मग ग्रामपंचायतीने करायचं काय? शिवाय रस्ता मोकळा करायला जेसीबी लावला तर त्याचे पैसे कुठून द्यायचे, हेही विचारलंय. मी श्रीवर्धन तालुक्यात ग्रामसेवक होतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा माझ्याकडे दोन ग्रामपंचायती होत्या. पुढे लिहितोय ते बहुतेक त्याच पावसाळ्यात शिकलो, आणि त्यातलं काही फार उशिरा शिकलो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. पण त्याच कायद्यातलं कलम ४१ स्थानिक संस्थांसाठी आहे, आणि त्यात पंचायतीही येतात. माणसं तयार ठेवणं, साधनं चालू स्थितीत ठेवणं, बाधित भागात मदतीचं काम करणं ही जबाबदारी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. नुकसानभरपाई महसूल खात्याकडून येते, हे खरं. पण कोणत्या घरात आज कोण राहतंय, कुणाची चूल वेगळी आहे, कुणाच्या बागेत किती माड (नारळाची झाडं) आहेत, हे तहसील कचेरीला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असतं. ही माहिती वादळाआधी कागदावर असेल तर गाव उभं राहतं, नसेल तर मदत येऊनही चुकीच्या दारात जाते.

त्या दिवशी दुपारी वारं सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलचे मनोरे, विजेचे खांब, रस्ते सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या वाडीत जायला निघालो. एरवी वीस मिनिटांची वाट, पोचायला दुपार झाली. पोरांनी कोयते आणि करवती घेऊन आडव्या पडलेल्या माडांतून वाट काढली. तालुक्याला निरोप द्यायला दोन पोरांना मोटरसायकलवर पाठवलं, तेही गाडी उचलून उचलून गेले. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर सगळ्यांना पाठ होता, पण फोनच लागत नव्हता. म्हणून आधीच ठरवून ठेवा की फोन बंद पडले तर कोण, कोणत्या वाटेने, कुणाकडे जाणार. दोन माणसं, दोन वाटा.

पहिल्या चार दिवसांत सगळ्यात जास्त हाल पाण्याचे झाले. वीज नाही म्हणून नळपाणी योजनेचा पंप बंद. वीज यायला कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे लागले. एक जनरेटर टेम्पोत टाकून आम्ही गावोगाव फिरवला, प्रत्येक टाकी एकदा भरायची आणि पुढे निघायचं. त्याच जनरेटरवर लोकांचे मोबाईल चार्ज केले. विहिरींचा उपसा आणि पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर यात कुचराई करू नका, कारण वादळामागून पाऊस येतो आणि पावसामागून जुलाब. आमच्याकडे तर शाळाही मोकळ्या नव्हत्या, मुंबईहून आलेले चाकरमानी तिथे कोरोनाच्या विलगीकरणात होते. माणसं हलवायची कुठे, हा प्रश्न तेव्हा भजनी मंडळाच्या हॉलने सोडवला. तुमच्याकडे पक्क्या छपराच्या जागा किती, त्यांच्या किल्ल्या कुणाकडे असतात, हे मे महिन्यातच बघून ठेवा.

आता पंचनाम्याचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात मोठ्या चुका आमच्या इथेच झाल्या.

जूनचा पहिला आठवडा म्हणजे पाऊस दारात. कौलं उडालेल्या घरात कोण थांबेल? लोकांनी मिळेल ती ताडपत्री टाकली, शेजाऱ्यांची कौलं मागून आणली, दोन-तीन दिवसांत छपरं झाकली. आठव्या दिवशी पंचनाम्याची माणसं आली तेव्हा घर वरून नीट दिसलं आणि नुकसान किरकोळ लिहिलं गेलं. ज्याने जीव तोडून घर वाचवलं त्यालाच कमी मिळालं. हे बघताना मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. म्हणून पहिल्याच दिवशी दर वाडीत एका माणसाकडे चार्ज केलेला मोबाईल द्या आणि सांगा, घराचा समोरून एक, आतून छपराचा एक असे फोटो काढ, त्यात घरमालक आणि पाटीवर खडूने लिहिलेला घर क्रमांक दिसू दे. फोटो झाला की खुशाल छप्पर झाका. पावसात कुणाला थांबवून ठेवू नका.

पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. पदांची नावं आता बदलली आहेत, पण गावात हीच चालतात. त्यांच्याबरोबर वाडीतलं एक जाणतं माणूस रोज पाठवा. आमच्याकडे बंद घरं खूप होती. मालक मुंबईला, त्यात लॉकडाऊन, यायचं तर ई-पास. पथक कुलूप बघून पुढे गेलं. तीन आठवड्यांनी मालक आला, बघतो तर माजघरात पाणी आणि यादीत नाव नाही. शेजाऱ्याचा जबाब आणि बाहेरून काढलेला फोटो एवढ्यावर नोंद घेता आली असती. ते आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एक विधवा बाई दिराच्या घराच्या अर्ध्या भागात वीस वर्षं राहत होती. नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या असेसमेंटच्या उताऱ्यावर, घर दिराच्या नावावर, दीर ठाण्याला. छप्पर तिच्या भागाचं गेलं, पैसे दिराच्या खात्यावर गेले. नियमाने चूक कुणाचीच नव्हती. पण तिची चूल वेगळी आहे हे ग्रामपंचायतीच्या कुठल्याही कागदावर नव्हतं, आणि ते दप्तर माझ्याकडे होतं. तिला नंतर गावाने वर्गणी काढून पत्रे दिले. तुम्ही हे आधीच करा. असेसमेंटच्या उताऱ्यावर मालक कोण आणि प्रत्यक्ष राहतं कोण, असे दोन रकाने असलेली वेगळी वही ठेवा. ग्रामसभेत वाचून दाखवा, हरकती घ्या, ठराव करा. सामायिक सातबारा असेल तर संमतीपत्राचा मसुदा आजच लोकांना द्या. वीस-वीस नावं असलेल्या उताऱ्यावर वादळानंतर सह्या गोळा करता येत नाहीत.

बागायतीचं तर वेगळंच गणित आहे. निसर्गच्या वेळी फळबागेची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, मर्यादा दोन हेक्टर. ऐकायला मोठा आकडा. पण आपल्याकडे वाड्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, गुंठ्यांच्या. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये, आणि एका गुंठ्यात सुपारीची दहा-बारा झाडं तर सहज असतात, वर मधेमधे माड. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी इथलं पोट आहे. नवं रोप लावून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात. लोकांनी ओरड केली, आणि पुढे झाडामागे सुपारीला ५० आणि नारळाला २५० रुपये असा हिशोब मान्य झाला. पण तोवर लोकांनी पडलेली झाडं तोडून, डोक्यावरून वाहून, वाड्या साफ केल्या होत्या. वाडीत जेसीबी शिरत नाही, सगळं कटर मशीनने आणि हातानेच. मग झाडं मोजायची कशी? बुंधे मोजले, काहींचे बुंधेही उपटलेले होते. सातबाऱ्यावर क्षेत्र होतं, झाडांची संख्या नव्हती. तुमच्या गावात आंबा, काजू, माड, पोफळी (सुपारीची झाडं) काय असेल त्याची वाडीवार मोजणी पावसाळ्याआधी करून घ्या. शाळेतली मोठी मुलं चार रविवारांत करतील.

दर विचाराल तर केंद्राने २०२२ ते २०२६ साठी ठरवलेले निकष असे होते: सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००, बारमाही पिकांना हेक्टरी २२,५०० आणि तेही नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच. राज्य सरकार कधी कधी यात भर घालतं. निकष बदलले की तहसीलमधून ताजं परिपत्रक मागून फलकावर लावा. होड्या आणि जाळ्यांसाठी मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस वेगळा येतो, त्याला कोळीवाड्यात घेऊन जायला विसरू नका. गुरं दगावली तर पशुवैद्यकाने बघितल्याशिवाय पुरू नका.

पंचनामे झाले की लाभार्थ्यांची यादी लगेच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा आग्रह धरा. नाव सुटलंय हे माणसाला पहिल्या आठवड्यात कळलं तर दुरुस्ती होते, तीन महिन्यांनी कळलं तर खेटे घालावे लागतात. म्हाताऱ्या माणसांचं आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, तेही आधी बघा. ई-केवायसीसाठी बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता जेसीबीचं. आम्ही पहिल्या दिवशी एका मालकाला तोंडी सांगून जेसीबी लावला. त्याने तीन दिवस काम केलं आणि बिल अडीच वर्षं अडकलं, कारण लेखी आदेश कुणाचाच नव्हता. जिल्हा प्राधिकरणाला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५० खाली निविदेशिवाय तातडीची खरेदी करता येते. पण ग्रामपंचायत म्हणजे प्राधिकरण नव्हे. म्हणून मे महिन्यातच परिसरातल्या जेसीबी, ट्रॅक्टर, कटरवाल्यांचे तासाचे दर लेखी घ्या, मासिक सभेत मंजूर करा आणि ती यादी तहसीलदारांकडे देऊन पोच घ्या. वादळ झालं की तहसीलदारांकडून चार ओळींचा आदेश आणा, नेटवर्क नसेल तर माणूस पाठवून आणा. गाडी क्रमांक, सुरू-बंद वेळ, डिझेल, काम कुठे झालं आणि दोन गावकऱ्यांच्या सह्या असं लॉगबुक रोज संध्याकाळी भरून घ्या.

चूल वेगळी असलेल्यांच्या वहीचे रकाने मी आखून ठेवलेत, हवे असतील तर सांगा, लिहून पाठवतो. गावात किती घरं आणि किती वाड्या आहेत तेही कळवा, म्हणजे पावसाआधी कोणती वाडी आधी घ्यायची ते ठरवता येईल.