शर्यतीत जिंकलेली किटली

प्रश्न : आमचे आजेसासरे पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. मालकाने त्यांना दिलेली चहाची किटली माळ्यावर सापडली. पिवळीधमक, मूठ काळ्या लाकडाची, पोटावर घोडा आणि ‘पूना 1908’ असं कोरलेलं, तळाला चालत्या सिंहाचा शिक्का. ओळखीच्या सोनारांनी कसोटीवर घासून ‘सोनंच आहे, मोडून टाका’ म्हणून सांगितलं. लंडनचा भाचा म्हणतो, तिकडे लिलावात लावतो. काय करावं?
– एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : ताई, मोडू तर मुळीच नका.

शर्यतीला सोन्याची किटली देत, हे खरं आहे. स्कॉटलंडात लीथच्या वाळूवर, ओहोटीला उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर घोडे पळायचे. तिथल्या राजाच्या बक्षिसासाठी एडिंबरोच्या जेम्स केर या सोनाराने 1730च्या दशकात अस्सल सोन्याची, चेंडूसारखी गोल किटली घडवली होती. बक्षीस 100 गिनींचं, म्हणजे इंग्रजांच्या सोन्याच्या नाण्यांचं. तेवढ्या गिन्यांचं वजन भरतं सुमारे 835 ग्रॅम, म्हणजे 71 तोळ्यांच्या वर. त्यातूनच घडणावळही निघायची. राजाचं बक्षीस, पण हिशोब आपल्यासारखाच!

तुमची मात्र चांदीची असणार, वर सोन्याचा मुलामा. चालता सिंह हा इंग्रजांचा 92.5 टक्के चांदीचा शिक्का. लंडनमध्ये तो 22 कॅरेट सोन्यावरही मारत, पण 1844 पर्यंतच. त्यानंतर सोन्यावर मुकुट आला. 1908च्या किटलीवर सिंह म्हणजे चांदी. कसोटीवर घासला गेला तो वरचा मुलामा, त्यामुळे सोनारांचा कस खोटा नाही, अर्धा आहे. झाकणाचं बोंड आणि बुडाची कड भिंगाखाली बघा. बोटं लागून लागून तिथे पांढरं डोकावत असेल. हॉलमार्किंगवाल्यांचं मशीनही वरवरचाच थर वाचतं, तेव्हा जाल तर ही झिजलेली जागाच दाखवा.

मोडीत चांदीचा भाव येईल, तोही घट धरून. किंमत त्या घोड्याची आणि ‘पूना 1908’ची आहे. म्हणून चिंच, राख, पावडर काही लावू नका. कोरीवकाम बोथट होतं आणि मुलामा जातो. कोमट पाणी, मऊ सुती फडकं, बस्स. मूठ भिजवू नका.

भाच्याला फक्त फोटो पाठवा. शंभर वर्षांवरची अशी कलावस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर बॅग उघडली, तर ‘आजेसासऱ्यांची आठवण’ हे उत्तर चालायचं नाही. विकायचीच असेल, तर परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे इथेच विका. आणि मालकाची एखादी चिठ्ठी, आजेसासऱ्यांचा घोड्याबरोबरचा फोटो त्याच माळ्यावर मिळतो का बघा. तो हाती लागेपर्यंत किंमत कुणाला विचारूच नका.