‘मला आता शिकवता येत नाही’

तिमाहीचे निकाल लागले की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. त्यामागचा खरा प्रश्न वेगळा असतो: मी खरंच वाईट शिकवते म्हणून मला असं वाटतंय, की असं वाटतंय म्हणून माझं शिकवणं बिघडलंय?

इंदूरच्या एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीनं, तपशील बदलून सांगते. घर लोकमान्य नगरात, बोलणं मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, विषय गणित, नोकरी वीस वर्षांच्या पुढची. नववीच्या एका तुकडीत अर्ध्याहून जास्त मुलं नापास झाली आणि प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, “आपसे नहीं हो रहा क्या?”

“ताई, मुलं दरवर्षी तशीच असतात हो. मीच संपले,” बाई म्हणाल्या.

आधी झोप, भूक, सकाळचा मूड, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं विचारून घेतलं. कधी कधी अशा वाक्याआड नैराश्य असतं. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबरही आहे. बाईंचं तसं नव्हतं. त्यांची झोप उडायची ती फक्त ‘त्या’ तुकडीचा तास असेल त्याच्या आदल्या रात्री.

हा धागा मला महत्त्वाचा वाटला. शिक्षकांचा स्वतःच्या क्षमतेवर किती विश्वास आहे हे पाहण्यासाठी २००१ साली दोन अमेरिकन संशोधक स्त्रियांनी तयार केलेली २४ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ मधला आकडा द्यायचा. बाईंनी समजावून सांगण्याला ७ दिले, वर्ग सांभाळण्याला ७, आणि अभ्यासात रस नसलेल्या मुलांना ओढून घेण्याला २. म्हणजे ‘शिकवता येत नाही’ हे खरं नव्हतं. एका ठिकाणचं अपयश सगळ्या नोकरीवर पसरलं होतं.

मग प्राचार्यांना सांगून त्यांनी एक तास मोबाईलवर रेकॉर्ड केला. आम्ही दोघींनी तो ऐकला. “तीन गुणा माइनस दो कितना? माइनस छह. ठीक है? आगे चलो.” प्रश्न आणि उत्तर एकाच दमात. ज्या दोन-तीन वेळा त्या थांबल्या, तेव्हा नाव घेतलं ते पुढच्या बाकावरच्या त्याच मुलींचं. बाई म्हणाल्या, “मागे विचारून काय उपयोग? कोणी बोलतच नाही.”

स्वतःबद्दलचं मत कामात उतरतं ते असं, नकळत. ‘माझ्याच्यानं ही मुलं हलणार नाहीत’ असं मनात बसलं की आपण वाट पाहायचं सोडतो. वाट पाहिली नाही की मुलं बोलत नाहीत, आणि ती गप्प बसली की आपलं मत आणखी पक्कं होतं. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

म्हणून मी आत्मविश्वास वाढवण्याच्या गोष्टी केल्याच नाहीत. ‘तुम्ही छान शिकवता’ हे माझ्या तोंडून ऐकून काय होणार? अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की हा विश्वास मुख्यतः स्वतः करून जमल्याच्या अनुभवातून येतो. दुसऱ्याच्या समजावण्याचा परिणाम त्यामानानं कमजोर. आम्ही एकच ठरवलं: प्रश्न विचारून मनात सावकाश तीन म्हणायचं, आणि पहिलं नाव मागच्या बाकावरचं घ्यायचं.

पहिला आठवडा त्यांना ती शांतता असह्य झाली. मग एका मुलानं विचारलं, “मैडम, ये माइनस आया कहाँ से?” बाईंना कळलं की हा मुलगा नववीच्या बहुपदींत नाही, खालच्या इयत्तेतल्या ऋण संख्यांतच अडकलाय. आणि तो एकटा नव्हता.

मूळ प्रश्नाचं उत्तर मी बाईंना दिलं तेच देते: दोन्ही खरं आहे, पण नातं वाटतं तेवढं घट्ट नाही. २०१४ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. शिक्षकाचा विश्वास आणि त्याच्या शिकवण्याचं निरीक्षकानं केलेलं मूल्यमापन यांत मध्यम संबंध दिसला, मुलांच्या मार्कांशी मात्र बराच कमी. मार्कांत मुलाचं घर असतं, आधीच्या इयत्ता असतात. नापासांची यादी म्हणजे शिक्षकाची लायकी नव्हे, आणि प्राचार्यांनी ती चारचौघांत वाचून दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे.

सहामाहीत थोडी जास्त मुलं पास झाली, फार नाही. प्रश्नावलीतला २ चा आकडा ५ झाला, बाकीचे जवळपास तेच राहिले. बाईंनी प्राचार्यांकडे ऋण संख्या आणि अपूर्णांकांसाठी रोज जादा तास मागितला. आठवड्याला दोन मिळाले. उरलेल्यांसाठी त्या अजून मागे लागल्या आहेत.