उन्हाळ्यात खेडेगावात काही घडतं का?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात मुलांना घेऊन त्यांच्या आजोळी जायचंय, शेतं तर रिकामी असतात, मग माणसं दिवसभर करतात काय आणि त्यांच्याकडे बोलायला विषय तरी काय असतो. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला, त्यामुळे आमच्याकडचं सांगतो. शेतं मोकळी असतात म्हणूनच गावात सगळ्यात जास्त घडामोडी याच दिवसांत होतात. ज्वारीची मळणी उरकली की मृगापर्यंत जी सवड मिळते, तिच्यात वर्षभर अडून राहिलेलं सगळं मार्गी लावायचं असतं. लग्नं, जत्रा, घराचे पत्रे, बांधाची मोजणी, भावाभावांच्या वाटण्या, सगळं.

बातम्यांमध्ये पहिला नंबर पाण्याचा. आमचा भाग पर्जन्यछायेतला, माणगंगा पावसाळा सोडला तर कोरडीच. त्यामुळे सकाळी पारावर बसलेल्या माणसाला कुणीही पहिल्यांदा विचारतं ते "टँकर आला का?" हेच. टंचाईत सरकारी हिशोब माणशी दिवसाला २० लिटरचा. दारात म्हैस असेल तर ती एकटीच उन्हाळ्यात ५०-६० लिटर पिते, म्हणजे बघा. घरोघरी नळ आले आहेत, पण विहिरीनेच तळ गाठला तर नळाला येणार कुठून? कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची ४०० फुटांवर नुसती धूळ निघाली, ही बातमी बोअरची गाडी गावाबाहेर पडायच्या आत वस्त्यांवर पोचलेली असते. अलीकडे उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी तालुक्याच्या काही भागांत आलंय. तिथल्या लोकांचं उन्हाळ्यातलं बोलणंच बदललंय, ते आता उसाचं आणि डाळिंबाचं बोलतात.

पाण्यासाठी राबायचा हंगामही हाच. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या कामांच्या चढाओढीत, २०१८ साली आमच्याच तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. त्या वर्षांत एप्रिल-मे महिन्यांत गावोगावची माणसं पहाटे टिकाव-फावडी घेऊन माळाला जायची. मुंबईला माथाडीत असलेले लोक रजा टाकून चर खणायला यायचे. एरवी एकमेकांच्या दारात पाय न ठेवणारी घरं एका चरात काम करताना मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता घरातलं. मुलांना काही दाखवायचं असेल तर कुरडया दाखवा. गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, नाहीतर आंबूस वास धरतो. चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, गाळून चीक काढतात. तो रात्रभर ठेवला की खाली पांढराशुभ्र थर बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं, ते ओतून टाकायचं. पहाटे अंधारातच चूल पेटते. पाण्याला आधण आलं की त्यात मीठ, हिंग घालून चीक सोडायचा आणि लाकडी दांड्याने सारखा हलवत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. शिजत आला की त्याला काचेसारखी चमक येते. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून पातळावर वेटोळी घालायची. गार झाला तर सोऱ्या दाबता दबत नाही, म्हणून शेजारच्या चार-पाच बायका एकत्र आल्याशिवाय हे काम होत नाही. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. गावातल्या निम्म्या सोयरिकींची पहिली कुजबुज याच ओट्यांवर होते, असं माझी आई सांगते. मुलं मात्र तिथे येतात वाटीभर गरम चिकासाठी, वर साखर आणि तूप. कुरडया झाल्या की सांडगे, पापड, शेवया, आणि शेवटी मिरची कांडप. त्या दिवशी मिरची कुटायच्या डंकाजवळून जाणारा प्रत्येक माणूस शिंकतो.

जत्रांचं तर विचारूच नका. चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाची यात्रा. द्वादशीला सासवडची मानाची कावड माणसांच्या साखळीने मुंगी घाट चढते, ते आयुष्यात एकदा बघावं असं आहे. तिथून पुढे वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा. दर घरामागे पट्टी ठरते, छबिना निघतो, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून कुणाचा बैल कुठल्या मैदानात एक नंबर आला, ही बातमी निवडणुकीच्या निकालाइतक्या चवीने चघळली जाते.

जत्रेलाच परगावची माणसं येतात. आमच्या आणि खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यातले कितीतरी लोक सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात आहेत, थेट तमिळनाडू-केरळपर्यंत पसरलेले. त्यांची मुलं आपसात तमिळ बोलतात आणि आजीशी माणदेशी मराठी. आठ-दहा दिवस गाव भरून जातं. बंद घरांची कुलपं निघतात, अंगणात बाजा पडतात, रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं. याच बाजांवर वाटण्यांचे विषयही निघतात, कारण सगळे भाऊ एका जागी पुन्हा वर्षभर सापडत नाहीत.

१ मेला दोन गोष्टी एकदम होतात, शाळेचा निकाल आणि ग्रामसभा. निकालाला गर्दी जास्त असते. ग्रामसभेत रस्ता, पाणी आणि घरकुलाची यादी. घरकुलात नाव आलं नाही की आवाज चढतात, आणि ते चढायलाच हवेत, कारण पावसाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवं असतं.

सगळं गोडगोड आहे असं मात्र नाही. पीक उभं नसतं म्हणून मोजणी याच दिवसांत होते, आणि हातभर बांधावरून सख्खे चुलते बोलायचे थांबतात. लग्नसराईत एकीकडे रोज मांडव, तर दुसरीकडे शेती करणाऱ्या तिशीतल्या मुलांना मुली मिळत नाहीत. ही मुलं प्रत्येक लग्नात वाढप्याचं काम करतात, वरातीत नाचतात, आणि त्यांच्या आया कोपऱ्यात बसून ओळखीच्या बाईला हळूच स्थळ विचारतात. खेड्यातल्या उन्हाळ्याची मला सगळ्यात जास्त मनाला लागणारी बातमी हीच आहे. तिच्यावर पारावर कुणी मोठ्याने बोलत नाही.

आणि वळीव. दुपारी चारला आभाळ भरून येतं, धुळीचं वादळ उठतं, पत्रे उडतात, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडतो. वीज कडाडू लागली की मुलांना झाडाखाली मुळीच थांबू देऊ नका, जनावरंसुद्धा झाडाला बांधलेली ठेवत नाहीत. एकदा पाऊस पडून गेला की नांगरलेल्या रानात ढेकळं विरघळतात आणि दुसऱ्या दिवसापासून कुळवाची पाळी सुरू.

तेव्हा जायच्या आधी आजोळच्या गावाची जत्रा कुठल्या तिथीला आहे ते फोन करून विचारा आणि तिकिटं त्या बेताने काढा. जत्रा होऊन गेली असेल, तर निदान कुरडयांचा दिवस तरी गाठा. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतात, मग माणसं शेणखत विस्कटण्यात आणि बी-बियाण्याच्या जुळवाजुळवीत असतात, पाहुण्यांशी निवांत बसणं होत नाही. आणि गावात टँकर चालू असेल, तर मुलांना अंघोळीला बादलीभरच पाणी लागेल, हे घरूनच समजावून न्या.