डॉक्टरांसमोर आई ठणठणीत, घरी मात्र गोंधळ. असं का?

आई घरी तोच प्रश्न दहा वेळा विचारते आणि दवाखान्यात मात्र ‘डॉक्टर, मुलं कशी आहेत?’ अशी छान चौकशी करते, असं तुम्ही लिहिलंय. हे ओळखीचं आहे. आई नाटक करत नाही. अंगवळणी पडलेलं बोलणं-वागणं स्मृतिभ्रंशात बराच काळ टिकतं. परक्यांसमोर ती सगळं बळ एकवटते, घरी येऊन गळून जाते. (त्या संध्याकाळी चिडचिड जास्त होते का, बघा.)

तिच्यासमोर तिला खोडून काढू नका. दोन आठवडे तारीखवार टिपण ठेवा: गॅस चालू राहिला, गोळ्या दोनदा घेतल्या. तो कागद डॉक्टरांना आधीच द्या. गप्पांवर न थांबता स्मरणशक्तीची चाचणी करायला सांगा. एमएमएसई ही स्मरणशक्ती तपासणारी छोटी प्रश्नोत्तरांची चाचणी 30 गुणांची असते, पण शिकलेली माणसं सुरुवातीला तिच्यातही चांगले गुण मिळवतात. म्हणून मला तुमचं टिपणच जास्त मोलाचं वाटतं.