वाचकांचे प्रश्न : क्लाउडचा कारभार कोडच्या हाती देताना

सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या वाचकांनी क्लाउडच्या ऑटोमेशनबद्दल विचारलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) आणि टेराफॉर्म (सर्व्हर, नेटवर्क वगैरे कोड लिहून उभं करणारं साधन) गृहीत धरून दिली आहेत. टेराफॉर्ममध्ये ‘प्लॅन’ म्हणजे काय बदलेल याची आगाऊ यादी, आणि ‘अप्लाय’ म्हणजे ते बदल प्रत्यक्ष करणं.

प्रश्न : आमचे मुंबई रीजनमधले सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क, सगळं गेली काही वर्षं कन्सोलवर (एडब्ल्यूएसच्या वेबपानावर) हातानेच उभं केलंय. आता टेराफॉर्म आणायचं ठरलंय. सगळं पाडून नव्याने उभारावं लागेल का? (वाचक, बाणेर, पुणे)

मुळीच नाही. चालू यंत्रणेला धक्का न लावता ती टेराफॉर्मच्या ताब्यात देता येते. मात्र घाई करू नका.

पहिलं काम स्टेट फाइलची सोय. कोडमधला कुठला तुकडा म्हणजे प्रत्यक्षातला कुठला सर्व्हर, याची नोंद टेराफॉर्म या फाइलमध्ये ठेवतं. ती कुणाच्याही लॅपटॉपवर नको, गिटमध्येही (कोड साठवतो तिथेही) नको. एस-थ्री या एडब्ल्यूएसच्या फाइलसाठ्यात वेगळी बकेट (साठवणीचा कप्पा) करा, व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपण्याची सोय) चालू करा, पब्लिक अ‍ॅक्सेस पूर्ण बंद करा. दोघांनी एकाच वेळी अप्लाय केलं तर फाइल बिघडते, म्हणून लॉकिंग (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) हवंच. जुन्या लेखांत त्यासाठी डायनॅमो-डीबी या डेटाबेसचं टेबल करायला सांगितलेलं दिसेल. टेराफॉर्म १.११ पासून त्याची गरज उरली नाही; बॅकएंडच्या (स्टेट कुठे ठेवायची त्या) सेटिंगमध्ये ‘यूज-लॉकफाइल’ चालू केलं की एस-थ्रीमध्येच लॉक होतं. या फाइलमध्ये पासवर्ड उघडे लिहिलेले असतात हेही ध्यानात ठेवा. बकेट वाचायची परवानगी मोजक्याच जणांना द्या आणि आरडीएसचा (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचा) मुख्य पासवर्ड सीक्रेट्स मॅनेजर या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेकडे सोपवा.

मग इम्पोर्ट, म्हणजे आधीच उभ्या असलेल्या गोष्टी टेराफॉर्मच्या नोंदीत घेणं. आवृत्ती १.५ पासून कोडमध्येच इम्पोर्ट ब्लॉक लिहिता येतो : कुठल्या नावाखाली घ्यायचं आणि प्रत्यक्षातला आयडी काय, एवढंच. ‘जनरेट-कॉन्फिग-आउट’ हा पर्याय देऊन प्लॅन चालवला की बाकीचा कोड टेराफॉर्म स्वतः लिहून देतं. तो जसाच्या तसा वापरू नका. त्यात नको तितकी डिफॉल्ट मूल्यं असतात, शिवाय एकमेकांशी न पटणाऱ्या ओळीही येतात. ईसी-टू या एडब्ल्यूएसच्या सर्व्हरच्या कोडमध्ये आयपीव्ही-सिक्स पत्त्यांची संख्या आणि पत्त्यांची यादी दोन्ही आली, तर प्लॅन तिथेच अडतो. यांतली एक ओळ काढून टाका.

सुरुवात जिथे चूक परवडेल तिथून करा : एखादी बकेट, मग डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा), मग सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरची फायरवॉल), डेटाबेस सगळ्यांत शेवटी. प्लॅनच्या शेवटच्या ओळीत इम्पोर्टचा आकडा दिसला पाहिजे आणि अ‍ॅड, चेंज, डिस्ट्रॉय तिन्ही शून्य असले पाहिजेत. तोवर अप्लाय करायचं नाही. सिक्युरिटी ग्रुपमध्ये बरेच जण अडकतात. नियम ग्रुपच्या ब्लॉकमध्येही लिहिले आणि स्वतंत्र रिसोर्स (कोडमधला वेगळा घटक) म्हणूनही लिहिले, तर कोडचा एक भाग नियम घालतो नि दुसरा काढतो. दर अप्लायला हेच चालतं आणि मध्येच एखादा पोर्ट बंद पडतो. स्वतंत्र रिसोर्सचीच पद्धत धरा.

सगळं एकाच स्टेटमध्ये कोंबू नका. नेटवर्क, डेटाबेस आणि अ‍ॅप्लिकेशन वेगळे ठेवा. प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती यंत्रणा) आणि स्टेजिंग (चाचणीची यंत्रणा) तर वेगळे हवेतच.

आणि शेवटची पायरी टाळू नका : कन्सोलवरून बदल करण्याचा हक्क सर्वांकडून काढून घ्या, फक्त पाहण्याचा ठेवा. आणीबाणीसाठी एक वेगळा रोल (हक्कांचा संच) असू द्या. रोज रात्री ‘डिटेल्ड-एक्झिटकोड’ लावून प्लॅन चालवा. ० आला तर सगळं जागेवर आहे, १ म्हणजे चूक, आणि २ म्हणजे कोड आणि वास्तव यांत फरक पडलाय. २ आला की टीमला मेसेज गेला पाहिजे. हक्क काढायचं धाडस न करणाऱ्या कंपन्यांत काही महिन्यांतच कोड एक सांगतो आणि सर्व्हर दुसरंच, असं होऊन बसतं. मग प्लॅनवर कुणाचा विश्वास राहत नाही.

प्रश्न : ऑडिटसाठी आरडीएस डेटाबेसला एन्क्रिप्शन लावायचं होतं. कोडमध्ये एकच ओळ बदलली, तर प्लॅनमध्ये ‘-/+’ आलं. अप्लाय करू का? (वाचक, ठाणे)

थांबा! ‘~’ असेल तर आहे त्यात बदल होतो. ‘-/+’ म्हणजे आधी पाडायचं आणि मग नवं उभं करायचं. तुमचा डेटाबेस जाईल आणि त्या जागी रिकामा येईल.

कारण एडब्ल्यूएसमध्येच आहे : चालू असलेल्या आरडीएसला नंतर एन्क्रिप्शन लावता येत नाही. रस्ता असा : अ‍ॅप्लिकेशनचं लिहिणं थांबवा, स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत) घ्या, केएमएस या एडब्ल्यूएसच्या की सांभाळणाऱ्या सेवेतली की देऊन त्याची एन्क्रिप्टेड कॉपी करा, कॉपीवरून नवा डेटाबेस उभा करा, अ‍ॅप्लिकेशन तिकडे वळवा. नवा डेटाबेस इम्पोर्ट करा आणि जुना रिमूव्ह्ड ब्लॉकने स्टेटमधून सोडवा. त्यात डिस्ट्रॉय ‘फॉल्स’ लिहायला विसरू नका. लिहिणं न थांबवता स्नॅपशॉट घेतलात, तर त्यानंतरच्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये नसतील.

पुढच्यासाठी ‘प्रिव्हेंट-डिस्ट्रॉय’ (पाडायला मनाई करणारी ओळ) लावाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ती ओळ रिसोर्सच्या ब्लॉकमध्ये असते. कुणी अख्खा ब्लॉकच काढला तर संरक्षणही त्याबरोबर जातं. आरडीएसचं डिलीशन प्रोटेक्शन एडब्ल्यूएसच्या बाजूला असतं, ते चालू ठेवा.

प्रश्न : स्टेजिंगचे सर्व्हर रात्री बंद करणारी स्क्रिप्ट लावली. सकाळी पाहतो तर काही सर्व्हर गायब आणि त्यांच्या जागी भलतेच नवे. असं का? (वाचक, हिंजवडी)

ते सर्व्हर ऑटो स्केलिंग ग्रुपमधले (सर्व्हरची ठरलेली संख्या आपोआप राखणाऱ्या गटातले) असणार. अशा ग्रुपमधला सर्व्हर थांबवला की ग्रुप त्याला आजारी समजतो, काढून टाकतो आणि नवा आणतो. तिथे सर्व्हर थांबवायचा नसतो, ग्रुपची संख्या शून्यावर आणायची असते. ग्रुपच्याच शेड्यूल्ड अ‍ॅक्शनने रात्री किमान आणि डिझायर्ड (हवी तितकी) दोन्ही संख्या ० करा, सकाळी परत वाढवा. किमान आकडा २ ठेवून डिझायर्ड ० होत नाही. टेराफॉर्ममध्ये हे दोन आकडे ‘इग्नोर-चेंजेस’मध्ये (ज्यांतल्या फरकाकडे दुर्लक्ष करायचं त्या यादीत) घाला, नाहीतर रात्री कुणी अप्लाय केलं की सर्व्हर पुन्हा उठतील.

वेळ ठरवताना टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा स्पष्ट लिहा. इव्हेंटब्रिज या एडब्ल्यूएसच्या सेवेच्या जुन्या रूल्समध्ये क्रॉन (वेळापत्रक लिहायची पद्धत) यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) चालतं, म्हणजे आपल्या सकाळच्या ८ साठी तिथे २:३० लिहावं लागतं. नव्या इव्हेंटब्रिज शेड्यूलरमध्ये टाइमझोन देता येतो.

थांबवलेला आरडीएस ७ दिवसांनी आपोआप सुरू होतो. दिवाळीच्या लांब सुट्टीत हा फटका बसतो, म्हणून बंद करण्याचं काम रोज रात्री चालू द्या, सुट्टीतही. सकाळी आधी डेटाबेस, मग पंधरा-वीस मिनिटांनी सर्व्हर.

सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते रात्री ८ एवढंच चालू ठेवलं तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी ६० तास होतात. बिल मात्र त्याच प्रमाणात उतरत नाही : थांबवलेल्या सर्व्हरच्या डिस्कचं, राखून ठेवलेल्या इलॅस्टिक आयपीचं (कायमच्या इंटरनेट पत्त्याचं) आणि नॅट गेटवेचं (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर नेणाऱ्या दाराचं) भाडं चालूच असतं.

प्रश्न : टेराफॉर्म घ्यावं की ओपनटोफू? (वाचक, पणजी)

ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशीकॉर्पने त्याचा मुक्त परवाना बदलून बिझनेस सोर्स लायसन्स (बीएसएल) केला, त्यातून टेराफॉर्मच्या आधीच्या मुक्त कोडवरून ओपनटोफू निघालं. ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे. हॅशीकॉर्प २०२५ मध्ये आयबीएमकडे गेली. नव्या परवान्याची अडचण मुख्यतः हॅशीकॉर्पशी स्पर्धा करणारी सेवा विकणाऱ्यांना आहे. स्वतःच्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायला दोन्ही चालतात. नव्याने सुरू करणाऱ्यांना आमचा कल ओपनटोफूकडे राहील, कारण त्यात १.७ पासून स्टेट फाइलच एन्क्रिप्ट करता येते.

काही निवडलंत तरी आवृत्ती कोडमध्ये बांधून ठेवा आणि प्रोव्हायडरच्या (एडब्ल्यूएसशी बोलणाऱ्या प्लगइनच्या) आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल गिटमध्ये टाका. एकाच स्टेटवर दोन्ही आलटून पालटून चालवू नका. बदलायचंच असेल तर स्टेटची प्रत काढा, आधी स्टेजिंगवर प्लॅन चालवा, आणि त्यात एकही बदल दिसला तर प्रॉडक्शनला हात लावण्याआधी त्याचं कारण शोधा.